दोष मोजावे कीं गुण?

परीक्षा घेण्याच्या रीति जगांत पुष्कळ असल्या, तरी त्यांच्या मुळाशीं दोनच वृत्ति असतात. एक वृत्ति अशी कीं, विद्यार्थ्याच्या पदरांत आरंभींच पैकीच्या पैकी गुण टाकावे आणि चूक दिसेल तेथें तेथें कापून घ्यावे. दुसरी अशी कीं, आरंभीं कांहींच न देतां जें चांगलें आढळेल त्याबद्दल गुण देत जावें. वरवर पाहणाऱ्यास दोहोंचा हिशेब एकच वाटेल. शंभरांतून दहा वजा केले काय किंवा शून्यांत नव्वद मिळविले काय, उत्तर नव्वदच! परंतु उत्तर सारखें आलें तरी त्यांतून विद्यार्थी सारखा तयार होत नाहीं, हें पस्तीस वर्षें फळ्यासमोर उभे राहून आम्हीं पाहिलें आहे.

या प्रश्नाचा खल एका अगदीं निराळ्या क्षेत्रांत, आणि तोहि साता समुद्रांपलीकडे, कसा झाला याची हकीकत बोधप्रद असल्यामुळें ती आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. आपल्या कित्येक घरांतील मुलें-नातवंडें हल्लीं अमेरिकेंत असतात. तेथील शाळांतून वाद्यें वाजवीत कवाईत करण्याचा परिपाठ आहे, हें त्यांनीं धाडलेल्या चित्रफितींवरून पुष्कळांस ठाऊक असेल. त्या परिपाठाची परमावधि म्हणजे तेथील ‘ड्रम कोअर’ नांवाचीं स्वतंत्र पथकें होत.

एका पथकांत सुमारें दीडशें तरुण-तरुणी असतात. कांहींच्या हातीं पितळी फुंकवाद्यें, कांहींच्या गळ्यांत नाना आकारांचे ढोल, आणि उरलेल्यांच्या हातीं निशाणें, लाकडी बंदुका व तरवारी. तेथील फुटबॉलच्या शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर हीं मुलें दहा-बारा मिनिटें वाजवीत चालतात, प्रसंगीं धांवतात, आणि उंचावर बसलेल्या प्रेक्षकांस त्यांच्या रांगांच्या आकृति क्षणोक्षणीं जुळतांना व मोडतांना दिसतात. पुढ्यांत कागद नसतो, सारें मुखोद्गत. एकविसावें वर्ष सरलें कीं पथकाचा निरोप घ्यावा लागतो. उन्हाळ्यांत हीं मुलें दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास सराव करितात, रात्रीं बसमधून पुढच्या गांवीं जातात, आणि एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेंत जमिनीवर पथारी पसरून निजतात. इतक्या श्रमांचें मोल ठरविणारा परीक्षक कोणत्या डोळ्यांनीं पाहतो, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीनें लहान नव्हे.

या पथकांचें मूळ लष्करी आहे. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या अमेरिकन शिपायांनीं १९१९ सालीं ‘अमेरिकन लीजन’ ही संस्था स्थापिली. तिच्या व तशाच दुसऱ्या एका माजी सैनिकांच्या संस्थेच्या गांवोगांवच्या शाखांनीं ढोल व बिगूल यांचीं पथकें उभारिलीं आणि त्यांच्या चढाओढी सुरू केल्या. पुढें मुलांचींहि पथकें निघालीं. न्यू जर्सींतील गारफील्ड गांवीं १९३४ सालीं एका चर्चच्या आश्रयानें, मॅडिसन येथें १९३८ सालीं बालवीरांचें, तर शिकागो येथें १९४८ सालीं बालवीरांच्याच एका तुकडीचें, अशीं हीं पथकें जन्मास आलीं. चढाओढी भरविणारे शिपाई, नियम करणारेहि शिपाई. तेव्हां परीक्षेची पद्धतिहि शिपाईगिरीला शोभेल अशीच झाली.

ती पद्धति अशी. वाजविण्यास आरंभ होण्यापूर्वींच मुलांस रांगेंत उभें करून त्यांची तपासणी होई. गणवेषाची गुंडी सैल आहे, जोड्यावर डाग आहे, कीं गुण गेलाच! राष्ट्रध्वज भूमीस लागला, मैदानाची सीमा ओलांडली, ठरलेल्या वेळेंत कमीजास्त झालें, तर दंड निराळा. प्रत्यक्ष खेळ चालू झाला म्हणजे परीक्षक हातीं पाटी-कागद व पेन्सिल घेऊन वादकांच्या रांगांजवळून हिंडूं लागत. कोणाचें पाऊल चुकलें, कोणाची काठी ढोलावर अर्धा क्षण आधीं पडली, कोणाचा सूर फाटला, कीं कागदावर एक खूण. या खुणेस ‘टिक’ म्हणत, आणि एका टिकेस गुणाचा दहावा भाग कापला जाई. एकंदर परिणामासाठीं कांहीं गुण निराळे राखलेले असत, हें खरें. परंतु पथकाचें भवितव्य बहुतांशीं या खुणांवरच अवलंबून असे.

ही पद्धति टाकाऊ होती असें कोणी समजूं नये. तिच्यांत एक मोठा गुण होता. तो म्हणजे उघडपणा. गुण कां गेला, हें बोट ठेवून सांगतां येई. परीक्षकाची आवडनिवड, पथकाची कीर्ति, प्रेक्षकांच्या टाळ्या, यांपैकीं कशाचाहि चुकलेल्या पावलावर पडदा पडत नसे. शेवटच्या रांगेंतील सर्वांत लहान मुलासहि आपल्या एका पावलाचें मोल दहावा भाग आहे हें ठाऊक असे. ज्या काळीं त्या पथकांतून पुष्कळशीं साध्या घरांतील मुलें येत, त्या काळीं अशा शिस्तीनें त्यांचें कल्याणच केलें, असें तेथील जुने लोक अजूनहि सांगतात.

मग दोष कोठें होता? दोष असा कीं, जें केलें त्यांतील चूक मोजतां येते, परंतु जें करून पाहण्याचें धाडसच झालें नाहीं त्याची चूक कोण मोजणार? अवघड लय घेऊन चार ठिकाणीं अडखळणारा ढोलवाला आणि सोपी लय निर्दोष वाजविणारा ढोलवाला यांपैकीं टिकेच्या हिशेबीं दुसरा श्रेष्ठ. आमच्या शाळांतून निबंधाच्या वह्या ज्यांनीं तपासल्या आहेत त्यांस हा प्रकार नवा नाहीं. प्रत्येक अशुद्धास अर्धा गुण कापण्याचा दंडक असला म्हणजे हुशार मुलगाहि तीन-तीन शब्दांचीं वाक्यें लिहूं लागतो. ‘गाय उपयुक्त आहे. ती दूध देते.’ वहींत लाल शाई दिसत नाहीं, बापास समाधान वाटतें. परंतु त्या निबंधांत निबंध नसतो. तद्वत् त्या पथकांच्या आकृतीहि बहुधा सरळ रांगांच्या आणि दोन्हीं बाजूंस सारख्या असत. सरळ रांगेंतील वांकडें पाऊल परीक्षकास चट्कन दिसतें, आणि म्हणूनच तें टाळण्याची तालीमहि सरळ रांगेंतच घेतां येते.

१९७१ सालीं कांहीं पथकांच्या चालकांनीं एकत्र येऊन आपले नियम व आपली परीक्षा आपल्या हातीं असावी असा आग्रह धरला. त्यांतून ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संस्था निघाली आणि तिचा पहिला अजिंक्यपदाचा सामना १९७२ सालीं विस्कॉन्सिन संस्थानांतील व्हाइटवॉटर येथें झाला; कॅलिफोर्नियाचें ‘ॲनाहाइम किंग्ज्मेन’ हें पथक त्यांत विजयी झालें. टिक मात्र लगेच गेली नाहीं. ती आणखी बारा वर्षें टिकली. मधल्या काळांत मैदानावरील आकृति बदलूं लागल्या. गारफील्डच्या पथकासाठीं जॉर्ज झिंगाली या रचनाकारानें वळणावळणाच्या, एका बाजूस झुकलेल्या, पाण्यासारख्या वाहत जाणाऱ्या आकृति योजिल्या, आणि १९८३ सालीं तें पथक अजिंक्य ठरलें. पुढच्याच वर्षीं, १९८४ सालीं, टिक रद्द झाली व गुण कापण्याऐवजीं गुण देत जाण्याची पद्धति सुरू झाली. त्या वर्षीं, आणि १९८५ सालींहि, विजय गारफील्डच्याच पथकाचा झाला. आम्हांस या घटनेंत मोठा अर्थ दिसतो. जुन्या मापाच्या अखेरच्या वर्षीं आणि नव्या मापाच्या पहिल्या वर्षीं एकच पथक पहिलें आलें. म्हणजे धाडस व शुद्धता यांचें हाडवैर नाहीं, हें त्या मुलांनीं दोन्हीं तराजूंत बसून दाखविलें.

संस्कृताच्या अभ्यासकास हा वाद ऐकून जुन्या ओळखीचा भास होईल. मम्मटानें ‘काव्यप्रकाशा’ंत काव्याचें लक्षण करितांना दोषरहितत्वास प्रथम स्थान दिलें आणि गुणांस त्यामागून. त्यावर ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाचा आक्षेप असा कीं, निर्दोष असेल तेंच काव्य म्हणावें, तर काव्य जगांत अतिविरळ होईल, किंबहुना मुळींच सांपडणार नाहीं. किड्यानें पोखरलें म्हणून रत्नाचें रत्नपण जात नाहीं. त्याची किंमत काय ती कमी होते. म्हणून त्यानें काव्याचें लक्षण रसावर उभारिलें. अमेरिकेंतील त्या चालकांनीं या दोघांचीं नांवेंहि ऐकलीं नसतील. परंतु १९८४ सालीं त्यांनीं मम्मटाकडून विश्वनाथाकडे प्रयाण केलें असेंच म्हटलें पाहिजे.

हल्लीं शंभर गुणांची वांटणी असते ती अशी: एकंदर परिणामास ४०, दृश्य भागास ३० आणि संगीतास ३०. काय करावयास घेतलें आणि तें किती चांगलें केलें, या दोन्हीं गोष्टी परीक्षकास तोलून पाहाव्या लागतात. तो पाहतां पाहतां आपला अभिप्राय ध्वनिमुद्रित करीत जातो, आणि पथकाचे शिक्षक तो मागाहून ऐकतात. पेन्सिलीची खूण मुकी होती. आतां परीक्षकास बोलावें लागतें, कारण द्यावें लागतें. ही सुधारणा आम्ही मोठी समजतों.

परंतु रसास सिंहासन दिलें कीं त्याच्यामागून अलंकारांची वरात आल्याशिवाय राहत नाहीं. लष्करी बिगुलास सूर बदलण्यासाठीं कळा बसविण्याची परवानगी बेताबेतानेंच मिळत आली होती. १९७७ सालीं दोन, १९९० सालीं तीन. २००० सालीं कोणत्याहि पट्टीचें वाद्य चालूं लागलें, २००४ सालीं ध्वनिवर्धक आले, २००९ सालीं विजेवर चालणारीं सुरवाद्यें आलीं, आणि २०१४ सालीं ट्रॉम्बोनसारख्या वाद्यांसहि मुभा मिळाली. गणवेषाची तपासणी केव्हांच मागें पडली. आतां मैदानावर देखावे उभे राहतात, कथानकें रंगतात. पथकाची संख्या १२८ वर थोपविलेली असे, ती दीडशेंच्या पुढें गेली. आणि माणसें व सामान वाढलें कीं खर्चहि वाढतो, हें प्रपंची माणसास सांगावयास नको.

जुन्या रसिकांची दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. २००८ सालीं ‘फँटम रेजिमेंट’ या पथकानें ‘ब्लू डेव्हिल्स’ या पथकावर मात केली ती एका गुणाच्या चाळिसाव्या भागानें, म्हणजे ०.०२५ नें. २०१४ सालीं ब्लू डेव्हिल्सना १०० पैकीं ९९.६५ गुण मिळाले. इतके त्यापूर्वीं कोणासहि मिळाले नव्हते. इतका सूक्ष्म भेद कोणत्या पावलांत किंवा कोणत्या सुरांत होता, हें बोट ठेवून कोण दाखविणार? टिकेचा हिशेब हरणाऱ्यास कडू लागे, पण समजे. परिणामाचा हिशेब परीक्षकाच्या अंतःकरणांत होतो, आणि तेथें हरलेल्या मुलास डोकावतां येत नाहीं. शिवाय परीक्षकांस काय रुचतें हें एकदां कळलें म्हणजे सारींच पथकें तेंच करूं लागतात. चुकीच्या भीतीनें येणारा सारखेपणा गेला, तो गुणांच्या लोभानें मागल्या दारानें परत आला, असेंहि कित्येक म्हणतात. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें आम्हांस म्हणवत नाहीं.

तथापि दोन्हीं पक्ष ऐकून आमचें मत नव्या पद्धतीकडेच झुकतें, आणि त्याचें कारण असें. टिक गेल्यावर मुलें ढिलाईनें वाजवूं लागतील ही भीति खरी ठरली नाहीं. चाळीस वर्षांपूर्वीं जें वाजवावयास कोणी धजलें नसतें तें आज धांवतां धांवतां वाजविलें जातें, आणि तेंहि स्वच्छ. कारण चूक मोजण्याचें काम बंद पडलें नाहीं. तें सामन्याच्या मैदानांतून सरावाच्या मैदानांत गेलें. तेथें शिक्षक एकेक ओळ वीस-वीस वेळां वाजवून घेतो आणि प्रत्येक चुकीस हटकतो. सरावांत दोष मोजावे, सामन्यांत गुण पाहावे, अशी ही कामाची वांटणी आम्हांस न्याय्य वाटते. अक्षरओळख होत असतां चूक तेथल्या तेथें सुधारलीच पाहिजे. परंतु जेव्हां मूल आपलें सारें बळ एकवटून चार लोकांसमोर उभें राहतें, तेव्हां समोर पेन्सिल घेऊन बसणें निराळें आणि श्रोता होऊन बसणें निराळें.

आमचे बहुतेक वाचक एकत्र कुटुंबांत राहणारे आहेत, आणि अशा घरांत परीक्षकांचा तुटवडा कधींच नसतो. संध्याकाळीं दिवा लागल्यावर नातू स्तोत्र म्हणावयास बसला कीं आजोबा ऱ्हस्व-दीर्घ पाहतात, काका विसर्ग पाहतात, आत्याबाई बसण्याची ढब पाहतात. चुका खऱ्याच असतात, आणि त्या सांगणाऱ्यांची मायाहि खरीच असते. परंतु कांहीं दिवसांनीं तो मुलगा रोज तेंच चार ओळींचें स्तोत्र म्हणूं लागला आणि नवें घ्यावयास नको म्हणूं लागला, तर वडील मंडळींनीं त्यास आळशी ठरविण्यापूर्वीं एवढें पाहावें कीं, आपल्या घरांत टिकेची पद्धति तर चालू नाहीं ना. उच्चार सकाळच्या पाठांत अवश्य सुधारावे. संध्याकाळीं मात्र त्यानें एखादें लांबलचक, दांतांत अडकणारें स्तोत्र आपण होऊन म्हणावयास घेतलें, तर तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें, आणि कोणता चरण विशेष चांगला साधला तेवढें त्यास आधीं सांगावें.