पत्ता लिहून जायच्या जागा

मंडळी, एक साधा प्रश्न. ब्राउझरच्या पट्टीत स्वतःच्या हाताने एखाद्या साइटचा पत्ता लिहून तिथे शेवटचं कधी गेला होतात? हापिसची कामं सोडून हं. बँक आणि रेल्वेचं तिकीटही धरायचं नाही. आठवत नाही ना? बहुतेकांना आठवत नाही. फोन उचलला की पाच-सहा ॲप्स, आणि त्यात वरून खाली ओघळत येणारं जे काही असेल ते. एवढंच आपलं इंटरनेट उरलंय.

माझा धंदाच सॉफ्टवेअरचा, त्यामुळे हे ओघळणं कसं बनवतात ते मला थोडंफार ठाऊक आहे. तुम्ही कुठे थबकलात, कशावर किती सेकंद घालवलेत, याचा हिशोब ठेवून पुढचा घास भरवला जातो. घास वाईटच असतो असं नाही, पण निवड आपली नसते. वाचनालयात जाऊन कपाटातलं पुस्तक काढणं आणि कोणीतरी सतत ताटात वाढत राहणं, यात फरक आहे की नाही? माझं मत सरळ आहे: इंटरनेटवरच्या खऱ्या कामाच्या जागा बहुतेक त्या ओघाच्या बाहेर आहेत. तिथे आपण होऊन जावं लागतं, आणि आपण गेलो नाही तर त्या हळूहळू बंद पडतील.

आता कोणी म्हणेल, साइटवर जायचंय कशाला, चॅटबॉटला विचारलं की दोन ओळीत उत्तर मिळतं. मिळतं की! मीही दिवसातून दहा वेळा विचारतो. पण त्या उत्तराला कच्चा माल लागतो, आणि तो अशाच साइट्सवर कोणीतरी फुकटात राबून ठेवलेला असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने सांगितलं की विकिपीडियावरच्या माणसांच्या भेटी आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत साधारण ८ टक्क्यांनी घटल्या आहेत. माणसं आली नाहीत तर त्यातून नवे लिहिणारे कुठून येणार, आणि वर्गणी देणारे तरी कुठून? विहिरीचं पाणी सगळे पितायत, गाळ काढायला मात्र कोणी जात नाही, अशातली गत.

असो. नुसती तक्रार करून उपयोग नाही, म्हणून या वीकांताला फिरून येण्याजोग्या काही जागा सांगतो. माझी निवडीची कसोटी तीन प्रश्नांची. माहिती कुठून आली ते साइट सांगते का? काम झाल्यावर गुपचूप जाऊ देते का? आणि कोणीही आलं तरी तेच पान दाखवते का, की माणूस पाहून पान बदलते? तिन्हींची उत्तरं बरी आली तर ती साइट माझ्या खुणेच्या यादीत जाते.

पहिली जागा अगदी रुक्ष आहे, पण तुमच्या-माझ्या वयाच्या माणसासाठी सगळ्यात महाग चूक टाळणारी. महारेरा. पुण्या-मुंबईत निम्मी मित्रमंडळी कधी ना कधी फ्लॅट शोधत असतात. बिल्डरच्या ऑफिसात कॉफी, काचेच्या पेटीतलं इमारतीचं मॉडेल आणि गुळगुळीत ब्रोशर मिळतं. महारेराच्या साइटवर त्याच प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. काम पूर्ण करायची कबूल केलेली तारीख दिसते, ती पुढे ढकलली असेल तर तेही कळतं. मंजूर नकाशे, जमिनीच्या मालकीबद्दलचा वकिलाचा अहवाल, जमिनीवरचा बोजा, चालू असलेले दावे, हे सगळं बिल्डरने तिथे जाहीर करायचं असतं, आणि दर तीन महिन्यांनी प्रगतीची माहिती ताजी करायची असते. १ ऑगस्ट २०२३ पासून तर जाहिरातीत क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. कोड स्कॅन केला की थेट प्रकल्पाची माहिती.

माझ्या ओळखीतले लोक साडेसहाशे रुपयांची चप्पल घ्यायला चाळीस रिव्ह्यू वाचतात, आणि वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेताना हे एक पान उघडत नाहीत. मला हे खरंच कळत नाही. इथे चॅटबॉटचं दोन ओळींचं उत्तर चालणार नाही. इथे मूळ कागदच बघायला हवा, कारण सही तुमची होणार आहे.

दुसरी जागा महाभूलेख, म्हणजे सातबारा. आपण शहरात वाढलो तरी बऱ्याच जणांच्या घरात 'गावाकडे थोडी जमीन आहे' हे वाक्य असतंच. किती आहे, कोणाच्या नावावर आहे, विचारलं की 'काकांना माहीत'. सात म्हणजे गाव नमुना ७, जमीन कोणाच्या ताब्यात, क्षेत्र किती, त्याची नोंद. बारा म्हणजे गाव नमुना १२, पिकांची नोंद. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर किंवा नाव टाकायचं, वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा सोडवायचा, आणि उतारा समोर. नुसता बघायला पैसे लागत नाहीत. कामासाठी डिजिटल सहीचा हवा असेल तर थोडं शुल्क भरावं लागतं.

'इतर हक्क' हा रकाना जरूर वाचा. कर्ज, बोजा, कूळ, सगळं तिथे असतं. आणि फेरफार क्रमांकही टिपून ठेवा, कारण नाव कधी आणि कशामुळे बदललं याचा माग त्यावरून लागतो. याच कुटुंबातलं आणखी एक पान म्हणजे 'आपली चावडी'. पूर्वी फेरफाराची नोटीस तलाठ्याच्या चावडीवर चिकटवायचे, ती आता तिथे बघता येते. हरकत घ्यायची मुदत मोजकीच असते, हे लक्षात असू द्या. आजोबांच्या पश्चात वारस म्हणून आजीचं आणि आत्याचं नाव लागलंय की नाही, हे घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने पाच मिनिटांत बघावं. भावाभावांत भांडण लागायच्या आधी बघावं, हे महत्त्वाचं.

या दोन्ही साइट दिसायला कशा आहेत म्हणाल, तर... जाऊ द्या :-) मेनू कुठे आहे ते शोधण्यात पहिलं वर्ष जातं. पण माझं ऐका, देखणेपणावर जाऊ नका. आपल्या धंद्यात चकचकीत दिसण्यावर जितका पैसा खर्च होतो तितका खरं सांगण्यावर होत नाही. फक्त एक काळजी घ्या: सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या नकली साइट पुष्कळ असतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, हे बघूनच माहिती भरा.

चला, कागदपत्रं पुरे. आता जरा मोकळ्या हवेत.

'अर्थ नलस्कूल' नावाची एक साइट आहे. कॅमेरॉन बेकारियो नावाच्या प्रोग्रॅमरने २०१३ मध्ये ती सुरू केली. पृथ्वीचा गोल, आणि त्यावर वाहणारे वारे, हलत्या रेषांनी काढलेले. बस्स. आकडे अमेरिकेच्या हवामान खात्याच्या जागतिक मॉडेलमधून येतात. पण जूनमध्ये ती उघडा आणि गोल फिरवून अरबी समुद्र समोर आणा. दक्षिण गोलार्धातून वारं निघतं, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला घासत विषुववृत्त ओलांडतं, सोमालियापाशी उजवीकडे वळतं आणि सरळ कोकणावर येऊन आदळतं. शाळेत 'नैऋत्य मोसमी वारे' पाच मार्कांसाठी पाठ केले होते. इथे ते चालताना दिसतात. पोरांना शेजारी बसवून दाखवा, नकाशावरचा बाण म्हणजे काय ते एका मिनिटात कळतं.

पुढची जागा ऐकायची आहे. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये पारी, म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया', सुरू केली. ग्रामीण भारतावरचे लेख, फोटो, फिल्म, आणि बरंच काही मराठीतही वाचायला मिळतं. त्यातही जात्यावरच्या ओव्यांचा विभाग सोडू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या गावागावांतून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून पारी त्या आवाजासकट, शब्दांसकट आणि भाषांतरासकट मांडते आहे. गाणारीचं नाव असतं, गावाचं नाव असतं. गिरण्या आल्या, जाती माळ्यावर गेली, आणि पहाटेचं ते गाणं थांबलं. नवऱ्याबद्दल, सासरबद्दल, पावसाबद्दल, बाबासाहेबांबद्दल या बायका जात्यापाशी जे बोलल्या ते दुसरीकडे कुठे बोलायची सोय नव्हती. हेडफोन लावून दहा मिनिटं ऐका. आपल्या आजीला आपण कधी काही विचारलं नाही, हे एकदम जाणवतं.

शब्दांची आवड असेल तर शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या साइटवर जा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, तिथे शोधता येतो. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. घरात कोणी जुना शब्द वापरला आणि 'म्हणजे काय?' असा वाद झाला की इथे निकाल लावायचा. आणि कोणत्याही विषयाची मराठीत नीट ओळख हवी असेल तर मराठी विश्वकोश. वाईला बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सुरू केलेलं हे काम जाड खंडांतून आता पडद्यावर आलंय. 'मराठीत माहितीच नाही' असं म्हणणाऱ्यांनी आधी तिथे अर्धा तास काढावा, मग बोलू.

शेवटची जागा म्हणजे या सगळ्या जागांची तिजोरी. इंटरनेट आर्काइव्ह. १९९६ मध्ये ब्रूस्टर काल यांनी सुरू केलं. तिथल्या 'वेबॅक मशीन'मध्ये पत्ता टाकला की ते पान अमुक वर्षी कसं होतं ते दिसतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी साठवलेल्या पानांचा आकडा एक लाख कोटींवर गेला. तुम्हाला उपयोग काय? एखाद्या कंपनीने परताव्याचे नियम गुपचूप बदलले, एखाद्या क्लासने 'शंभर टक्के नोकरी' ही ओळ पानावरून काढून टाकली, तर जुनं पान बऱ्याचदा तिथे सापडतं. पैसे भरण्याआधी ते पान स्वतःच तिथे जतन करून ठेवायचीही सोय आहे, 'सेव्ह पेज नाउ'. फुकट. माझ्या मते ही सवय प्रत्येकाला लागली पाहिजे, पावती जपून ठेवावी तशी.

पण तिजोरीही अमर नाही. २०२४ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या प्रकाशकांच्या दाव्यात अपिलाचा निकालही आर्काइव्हच्या विरोधात गेला, आणि त्या खटल्यापायी पाच लाखांहून जास्त पुस्तकं वाचायला देणं त्यांना बंद करावं लागलं. प्रकाशकांची बाजू अगदीच खोटी होती असं मी म्हणत नाही, लेखकाला पैसे मिळालेच पाहिजेत. पण लगेच ऑक्टोबरमध्ये साइटवर मोठा हल्ला झाला आणि ती काही दिवस बंद होती, तेव्हा जगाची आठवण किती थोड्या लोकांच्या भरवशावर आहे ते दिसलं. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये मोजून सांगितलं की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. मराठीत तर विचारायलाच नको. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं तेव्हा कितीतरी हौशी लोकांची पहिली पानं गेली. सर्व्हरचं भाडं थकतं, पत्त्याचं नूतनीकरण राहून जातं, आणि एखाद्याने दहा वर्षं जमवलेलं गोळा केलेलं एका रात्रीत गायब.

'वेळ कुठाय?' हा प्रश्न मला ठाऊक आहे. आठवड्यातून पंधरा मिनिटं फक्त. सिग्नलला उभं राहून ओघळ बघण्यात याहून जास्त जातात. करायचं काय? एक, आवडलेल्या साइटची खूण करून ठेवा आणि पुढच्या वेळी सर्च न करता थेट जा. दोन, पगारातून वर्षाला एका पिझ्झ्याएवढे पैसे विकिपीडिया, पारी, आर्काइव्ह यांपैकी ज्यांना देता येतील त्यांना द्या. तीन, पैसे नकोत तर हात द्या. मराठी विकिपीडियावर आपल्या गावाचं पान उघडा, चुकलं असेल ते दुरुस्त करा. ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या गल्लीतलं वाचनालय, दवाखाना, पाणपोई टाका. २००४ पासून जगभरचे लोक असंच एकेक गल्ली जोडत तो नकाशा बनवतायत, आणि तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही.

सुरुवात कुठून करायची हे कळत नसेल तर सोपा उपाय सांगतो. आज संध्याकाळी आईला किंवा बाबांना फोन करा आणि गावच्या जमिनीचा गट नंबर विचारा. उतारा उघडून त्यांना वाचून दाखवा. पुढचा एक तास कसा जातो ते बघाच. एकेका नावामागची गोष्ट ऐकायला मिळेल, आणि ती कुठल्याच साइटवर नाही.