नोकरी सोडावी कीं न सोडावी ?

गेल्या श्रावणांत वेल्ह्याकडील एक पालक शाळेंत आमच्या भेटीस आले. भातलावणी नुकतीच आटोपली होती. पायांच्या भेगांत चिखल तसाच होता. त्यांचा मुलगा आमच्याच शाळेंत शिकला, पुढें पुण्यास एका कचेरींत लागला, आणि गेलीं चार वर्षें दरमहा पगारांतून पैसे घरीं पाठवीत आहे. आतां तो म्हणतो कीं, ही नोकरी सोडून पूर्ण वेळ चित्रेंच काढावयाचीं. "गुरुजी, चित्रांची बक्षिसं तुम्हीच दिलीत त्याला. आता तुम्हीच सांगा, पोरगं खुळावलंय का शहाणं झालंय ?" असें त्यांनीं विचारलें. आम्हीं त्यांस चहा दिला. उत्तर मात्र देतां आलें नाहीं. तें उत्तर आम्ही त्या दिवसापासून शोधीत आहों, आणि हा प्रश्न आमच्या आणखीहि विद्यार्थ्यांच्या घरीं आज ना उद्यां उभा राहणार असल्यामुळें येथें मांडीत आहों.

प्रथम त्या पित्याच्या भीतीविषयीं. कलेचा कैवार घेणारे कित्येक लोक अशा भीतीस हंसतात. आम्हांस तें बरें वाटत नाहीं. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत पाऊस उदंड, पण शेती बहुधा एका पिकाची. खाचरांत भात, उतारावर नाचणी नि वरई. तेवढें निघालें कीं बर्‍याच घरांस पुढच्या मृगाची वाट पाहावी लागते. भाटघरचें धरण १९२८ च्या सुमारास पुरें झालें. त्याचें पाणी नीरेच्या कालव्यांनीं पूर्वेकडे दूरवर ऊंस पिकवितें. ज्या खोर्‍यांत तें सांठतें तेथील जमिनी मात्र त्याच्याखालीं गेल्या. पानशेत, वरसगांव, गुंजवणी हीं धरणें त्यानंतरचीं. अशा मुलखांतील घरास महिन्याच्या ठराविक तारखेस येणारा पगार म्हणजे दुसरें पीकच होय, आणि तेंहि अवर्षणास न भिणारें. तें पीक आपल्या हातानें उपटून टाकूं म्हणणार्‍या मुलाकडे बाप साशंक दृष्टीनें पाहतो, यांत नवल तें काय ?

भोर शहराचें म्हणाल, तर तें लेखणीच्याच जोरावर वाढलेलें. सचिव हें अष्टप्रधानांतील पद. राज्याचे हिशेब व कागदपत्र तपासणें हें त्याचें काम, आणि सुरनीस हें त्याचें फारसी नांव. छत्रपति राजाराम महाराजांच्या काळीं हें पद शंकराजी नारायण यांस मिळालें, पुढें तें त्यांच्या वंशांत चाललें, आणि पंतसचिवांचें संस्थान भोरास नांदलें. ज्या गांवची राजसत्ताच मुळीं एका हुद्द्यांतून जन्मास आली, तेथें हुद्द्याचा मान मोठा असावयाचाच ! परंतु १९४८ च्या मार्च महिन्यांत तें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. ज्या दफ्तराहून अढळ असें कांहीं नाहीं, असें पिढ्यान् पिढ्या लोकांस वाटे, तें दफ्तरच राहिलें नाहीं. राजवाडा मात्र उभा आहे, आणि गंमत अशी कीं, त्याच्या चौकांत अलीकडे अनेक चित्रपटांचें चित्रण झालेलें आहे. कारकुनाची लेखणी जेथून उठली तेथें नटांनीं बैठक मांडली. यावरून नोकरी कुचकामाची असें आम्ही म्हणत नाहीं. 'कायमची' हा शब्द आपण जरा सैल हातानें वापरतों, एवढेंच.

बांधलेली नोकरी सोडून लेखणी, रंगभूमि वा चित्र यांच्यामागें गेलेलीं माणसें महाराष्ट्रास नवीं नाहींत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७९ सालीं सरकारी शिक्षकाची जागा सोडली, हें मुलांस इतिहासाच्या पुस्तकांतून ठाऊक असतें. पण 'निबंधमाला' त्याच्या पांच वर्षें आधीं, १८७४ सालीं, ते सरकारी नोकर असतांनाच निघूं लागली होती, ही गोष्ट ध्यानांत कोणी ठेवीत नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांचेंहि तसेंच. ते पुण्यास रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरींत नोकरीस होते, आणि त्याच काळांत, ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं, त्यांनीं 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग पुण्यांत केला. तोहि पुरा नव्हे, पहिल्या चार अंकांचाच. आधीं नाटक उभें राहिलें, लोकांनीं तें पाहिलें, मग मंडळीचा संसार वाढला. 'सौभद्र' १८८२ सालीं आलें, आणि १८८५ च्या नोव्हेंबरांत अण्णासाहेब वारलेहि. वय अवघें बेचाळीस. ज्या पांच वर्षांसाठीं आपण त्यांचें नांव घेतों, तीं पांचच वर्षें. कचेरींतील त्यांच्या कामाविषयीं आज कोण विचारतो ? तरी त्या कचेरीनें त्यांस नाटक उभें करण्यापुरती भाकर दिली, हें नाकारतां येत नाहीं.

दादासाहेब फाळके यांची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ती थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत शिकलेले हे गृहस्थ १९०३ सालीं सरकारच्या पुराणवस्तु-संशोधन खात्यांत छायाचित्रकार व नकाशे-आराखडे काढणारे म्हणून लागले. मानाची आणि पगाराची नोकरी. ती त्यांनीं १९०६ च्या सुमारास सोडली. त्या वेळीं पुढें चित्रपट काढावयाचा आहे असें त्यांच्या मनांतहि नव्हतें. स्वदेशीचे दिवस होते, आणि परक्या सरकारची चाकरी नको वाटली. पुढें लोणावळ्यास राजा रविवर्म्यांच्या छापखान्याचें काम, मग स्वतःचा छापखाना, १९०९ सालीं जर्मनीची वारी, भागीदारांशीं बेबनाव. हातीं फारसें कांहीं उरलें नाहीं. अशा रिकामपणांत १९१०-११ च्या सुमारास मुंबईंत त्यांनीं प्रभु येशूच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र चाललें असतां आपल्या मनश्चक्षूंपुढें राम आणि कृष्ण उभे राहात होते, असें त्यांनींच पुढें १९१७ सालीं 'नवयुग' मासिकांत लिहून ठेवलें आहे. मिशनच्या शाळेंत बसून हें वाचणार्‍या मुलांस यांत विशेष गोडी वाटावी. एका धर्माची कथा पाहून दुसर्‍या धर्माच्या माणसास आपली कथा सांगण्याची स्फूर्ति व्हावी, हें कलेच्याच राज्यांत घडतें.

परंतु आम्हांस अधिक विचार करावयास लावतें तें त्यानंतरचें. चित्रपट सारखे पाहून आणि जागरणें करून त्यांची दृष्टि कांहीं काळ अधू झाली. १९१२ सालीं विलायतेस जाण्यासाठीं त्यांनीं आपल्या आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकली. तेथून कॅमेरा आणि फिल्मला भोकें पाडण्याचें यंत्र घेऊन ते आले, आणि भांडवलवाल्यांची खात्री पटावी म्हणून वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो याची लहानशी फिल्म घरींच तयार केली. नंतर पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला, तेव्हां फाळके त्रेचाळीस वर्षांचे होते. कचेरी सुटून सात वर्षें झालीं होतीं. या सात वर्षांचा जमाखर्च कोणी मांडील काय ? त्यांतील खर्चाची बाजू बहुतेक सरस्वतीबाईंच्या नांवें पडेल. दिवसां साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत, आणि रात्रीं अंधार करून फिल्मला भोकें पाडण्याचें व ती धुण्याचें काम करीत. चित्रपटांत तारामती झाले ते अण्णा साळुंके. तेहि एका खाणावळींतील आचार्‍याची बांधली नोकरी सोडून आलेले ! त्यांचें नांव निदान इतिहासांत लिहिलें जातें; सरस्वतीबाईंचें आतां कोठें उच्चारलें जाऊं लागलें आहे.

आणि शेवट ? फाळक्यांनीं पैसा पाहिला, गमावलाहि. बोलपट आल्यावर त्यांचा काळ मागें पडला. १९३७ च्या 'गंगावतरणा'नंतर त्यांचा चित्रपट आला नाहीं, आणि १९४४ सालीं नाशिकास ते वारले, तेव्हां त्यांची आठवण फार थोड्यांस होती. त्यांच्या नांवाचें मोठें पारितोषिक १९६९ पासून देण्यांत येतें. तें पाहून नोकरी सोडण्यास निघालेल्या तरुणानें मधलीं पंचवीस वर्षेंहि मोजावीं.

असाच दुसरा जमाखर्च लक्ष्मीबाई टिळकांनीं 'स्मृतिचित्रां'त ठेवला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक एका जागीं फार काळ टिकणारे नव्हते. १९१७ सालीं तर मिशनची पगारी सेवाहि सोडून त्यांनीं 'देवाचा दरबार' मांडला. कवीचें मन मोकळें झालें, पण चूल पेटवावयाची होती ती लक्ष्मीबाईंना. त्या हें सारें हंसत सांगतात, म्हणून वाचणाराहि हंसतो. आम्हांस वाटतें, तें पुस्तक नोकरी सोडूं पाहणार्‍या प्रत्येक पुरुषानें एकदां न हंसतां वाचावें.

याच्या उलट केशवसुतांचें उदाहरण दाखविणारे पुष्कळ आहेत. केशवसुत अखेरपर्यंत शाळामास्तर होते. १९०५ सालीं हुबळीस प्लेगनें गेले, आणि त्यांच्या सव्वाशेंहून थोड्या अधिक कवितांनीं मराठी काव्याचें वळण पालटलें. मग नोकरी राखून कला कां करूं नये ? करावी, पण येथें लोक एक भेद विसरतात. कविता शाळेच्या वाटेवर सुचते, आणि रात्रीं दिव्याशीं लिहितां येते. नाटकमंडळी गांवोगांव नेणें रविवारच्या सुटींत होत नाहीं. चित्रपटास तर दिवसाचा सूर्य लागे. चित्रकाराचेंहि बरेंचसें तसेंच. दिव्याखालीं रंग खरा दिसत नाहीं. रात्रीं हिरवा म्हणून लावलेला हात सकाळीं निळसर निघतो. जो मुलगा सकाळीं सात वाजतां बस धरतो आणि दिवेलागणीनंतर खोलीवर परततो, त्यास उजेड उरतो किती ? 'फावल्या वेळांत काढ कीं चित्रें' असें त्यास सांगणें हें लावणीचा पाऊस सरल्यावर रोप लाव असें शेतकर्‍यास सांगण्यासारखें आहे.

तेव्हां आमचें मत विचाराल, तर त्या मुलानें नोकरी सोडावी. पण आजच नव्हे. रविवार आणि सुट्या धरल्या तरी वर्षांत शंभरांहून अधिक दिवसांचा उजेड त्याच्या पदरीं आहे. त्या उजेडांत त्यानें काय काढलें, तें आधीं पाहूं. तो सारा उजेड जर मित्रमंडळींत आणि झोंपेंत गेला असेल, तर कचेरी सुटल्यानेंहि हात चालणार नाहीं. आणि जर त्यानें ढीगभर कागद रंगविले असतील, तर मग त्यास धरून ठेवण्यांत अर्थ नाहीं. मात्र जातांना घरांत किती महिन्यांचे दाणे आहेत, धाकट्या बहिणीची फी कोण भरणार, हें त्यानें आईच्या समोर बसून बोलावें. बापानेंहि 'यश येईल काय' अशी हमी मागूं नये. खाचरांत रोप लावतांना ती हमी त्यांस कोण देतो?

एक उणीव मात्र आमच्या पदरीं बांधलीच पाहिजे. आम्हीं त्या मुलास चार वेळां बक्षीस दिलें, भिंतीवर त्याचीं चित्रें लाविलीं, टाळ्या वाजविल्या. पण रंगाचा डबा केवढ्यास पडतो, चित्राची किंमत कशी सांगावी, गिर्‍हाइकाशीं बोलावें कसें, छापखान्यांतून वा पुस्तकांच्या सजावटींतून पोटापुरतें मिळविणारे चित्रकार कसे राहतात, यांतील अवाक्षरहि त्यास सांगितलें नाहीं. हिशेबाच्या तासास त्याच्याकडून व्याजाचीं गणितें करून घेतलीं, आणि चित्रकलेचा तास वेगळ्या खोलींत ठेवला.

हें लिहीत असतां ओढ्याकडील खाचरें पिवळीं पडूं लागलीं आहेत. भातकापणी झाली कीं ते गृहस्थ पुन्हां येणार आहेत. मुलास बरोबर आणा, त्याच्या आईसहि आणा, आणि गेल्या चार वर्षांत त्यानें काढलेलीं चित्रें, चांगलीं असोत वा फसलेलीं, सगळीं एका पिशवींत घालून आणा, असा निरोप आम्हीं त्यांस पाठविला आहे.