स्वस्त टाकीचा खरा हिशेब

मोटारसायकलीचे रूप आपल्या आवडीप्रमाणे बदलून घेण्याचा छंद आता मूठभर धनिकांपुरता उरलेला नाही. दिल्लीचे करोल बाग, चेन्नईचे पुदुपेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार, मुंबईतील कुर्ला किंवा पुण्यातील नाना पेठ, कोठेही गेले तरी जुनी बुलेट, यझदी किंवा आरएक्स-१०० नव्या थाटात उभी करण्यासाठी सुटे भाग धुंडाळणारे तरुण भेटतात. आसन आखूड होते, मडगार्ड कापले जाते, हँडल बदलते. परंतु गाडीची मुद्रा ठरते ती पेट्रोलच्या टाकीने. साहजिकच ती टाकी गंजली, गळू लागली किंवा अपघातात चेपली की मालकाचे सारे अंदाजपत्रक कोलमडते. हाताने पत्रा ठोकून घडविलेली नवी टाकी खिशाला झेपत नाही, आणि मग बाजारात एकच प्रश्न ऐकू येतो: स्वस्तात टाकी कोठे मिळेल?

हा प्रश्न अपुरा आहे. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षीच खरेदीची किंमत आणि वस्तूचा एकूण खर्च यांतील भेद शिकविला जातो. टाकीच्या बाबतीत हा भेद विशेष बोचरा ठरतो, कारण टाकी स्वस्त पडणार की महाग, हे दुकानातील भावापेक्षा जुळणीवर अधिक अवलंबून असते.

उदाहरणादाखल काही आकडे कल्पावेत. भंगार बाजारात वेगळ्याच मॉडेलची एक देखणी टाकी २,५०० रुपयांना मिळाली. तिचे टेकू गाडीच्या सांगाड्याशी जुळत नाहीत. ते कापून नवे जोडण्यास १,२०० रुपये. पेट्रोलचा कॉक आणि झाकण नवे घ्यावे लागले, त्याचे ८०० रुपये. रंगकामास ३,५०० रुपये. बेरीज ८,००० रुपये झाली. याउलट गाडीच्याच मॉडेलची टाकी ४,००० रुपयांना मिळाली, तिला जुना कॉक आणि जुने झाकण चालले, आणि रंगासह खर्च ७,५०० रुपयांवर थांबला. ‘महाग’ टाकी पाचशे रुपयांनी स्वस्त पडली. आता पहिल्या टाकीच्या नव्या जोडातून रंग दिल्यानंतर पाझर सुरू झाला, तर रंगकामाचे ३,५०० रुपये पुन्हा मोजावे लागतील. हे आकडे काल्पनिक असले, तरी खर्चाची ही साखळी मुळीच काल्पनिक नाही.

म्हणूनच पहिला विचार जुन्या टाकीचाच व्हावा. ‘गेली’ म्हणून टाकून दिलेल्या कितीतरी टाक्या प्रत्यक्षात दुरुस्त होण्याजोग्या असतात. पोचा पडलेला पत्रा कुशल डेंटर बाहेर ओढून काढू शकतो. आतील गंज सौम्य फॉस्फोरिक आम्लाने किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीजप्रवाह सोडून निघतो, आणि सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांसाठी टाकीच्या आतून देण्याचा इपॉक्सी लेप मिळतो. अर्थात टाकीच्या शिवणीचा पत्राच खाऊन गेला असेल, तर लेप हे केवळ मलमपट्टीचे काम होय. तेथे पत्रा कापून नवा तुकडा बसविण्यास पर्याय नाही.

येथे एक सूचना मात्र अत्यंत आवश्यक आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते. पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानालाही पेट घेऊ शकते, आणि हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले की ठिणगी मिळताच स्फोट होतो. ‘पेट्रोल काढले, दोन दिवस उन्हात ठेवली’ एवढ्यावर वेल्डिंगची ज्योत लावणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. टाकी साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा धुऊन, सांध्यापुरती जागा सोडून पाण्याने भरून मगच जोडकामास घेणाऱ्याकडे चार पैसे अधिक द्यावे लागले, तरी ते आनंदाने द्यावेत. असा कारागीर ओळखण्यास फार कष्ट पडत नाहीत. टाकी कशी धुणार, एवढे विचारले की पुरे.

दुरुस्ती शक्यच नसेल, तर दुसरी पायरी त्याच मॉडेलच्या टाकीची. पुष्कळ मालकांच्या ध्यानात एक गोष्ट येत नाही. गाडीचे रूप बदलताना सहसा सांगाड्याचा मागचा भाग कापला जातो. ज्या भागावर टाकी बसते, तो पुढचा भाग बहुधा तसाच राहतो. म्हणजे मूळ मॉडेलची टाकी आजही तेथे बसू शकते. ती शोभणार नाही, ही तक्रार असते. पण रंग, पट्टे आणि गुडघ्यापाशी लावलेले रबराचे तुकडे यांनी टाकीचे रूप आश्चर्य वाटावे इतके पालटते.

दुसऱ्या गाडीची टाकी घेणे हे काही कमीपणाचे नव्हे. ज्या आटोपशीर ‘पीनट’ टाकीसाठी आजचे हौशी जीव टाकतात, ती हार्ले-डेव्हिडसनने १९५८ च्या स्पोर्टस्टर एक्सएलसीएच गाडीवर चढविली तेव्हा आपल्याच १२५ सीसीच्या हलक्या गाडीवरून उचललेली होती. उसनवारीला अशी प्रतिष्ठित परंपरा आहे. मात्र उसनवारी मोजमाप घेऊनच करावी. बाजारात जाताना सांगाड्याच्या वरच्या नळीचा पुठ्ठ्यावर काढलेला साचा सोबत न्यावा आणि तो टाकीच्या तळाच्या पन्हळीत बसतो का, ते तेथल्या तेथे पाहावे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळले असता टाकीस घासणार नाही ना, हेही साच्यावरून ताडता येते. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल केवळ उतारानेच खाली येते. त्यामुळे टाकीचे तोंड कार्बोरेटरच्या वर असावे लागते. टाकीचा पुढचा भाग डौलासाठी उचलून बसविला, तर मागच्या कोपऱ्यात साचलेले लिटरभर पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचतच नाही, आणि मालक बिचारा कार्बोरेटर साफ करीत बसतो. इंधन फवारणीच्या नव्या गाड्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. त्यांचा पंप टाकीच्या आत असतो; जुन्या टाकीत त्यासाठी तोंड पाडून बैठक जोडणे हे गल्लीतल्या गॅस वेल्डिंगचे काम नव्हे.

फायबरग्लासच्या टाकीचा मोहही अनेकांना पडतो. ती हलकी असते, कोणत्याही आकारात मिळते आणि गंजत नाही. परंतु सामान्य पॉलिएस्टर राळेची टाकी इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात कालांतराने मऊ पडते आणि तिची सुटलेली राळ कार्बोरेटरमध्ये चिकट थर धरते. भारतात २०२५ मध्ये पेट्रोलातील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. अशा काळात अज्ञात राळेची टाकी दोन गुडघ्यांच्या मध्ये घेऊन फिरणे ही काटकसर कशी म्हणावी? रंगभूमीवरच्या नेपथ्यासाठी ती उत्तम आहे.

आणखी एक हिशेब कागदपत्रांचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनाबदल मालकास मनमानीने करता येत नाही. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद आली. त्याच मॉडेलची टाकी बसविणे म्हणजे सुटा भाग बदलणे, हे सांगणे सोपे असते; अनोळखी घाटाची टाकी मात्र तपासनीसाच्या मर्जीवर सोडावी लागते. भाडेखरेदी करारावरील वाहनात नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीविना बदल करू नये, असेही हेच कलम सांगते. कर्जावर घेतलेल्या गाडीच्या मालकाने तर आधी बँकेला आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. दाव्याच्या वेळी न कळविलेला बदल पुढे आला, तर वाचविलेले दोन हजार रुपये कोणाच्याही स्मरणात राहत नाहीत.

भंगार बाजारात पावती मागितली की विक्रेता हसतो. तरीही ती मागावी. चासी आणि इंजिन यांवर क्रमांक असतो, टाकीवर तसा नोंदणीचा क्रमांक नसतो. त्यामुळे ती कोणत्या गाडीची, हे नुसते पाहून सांगता येत नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि आपण अजाण होतो हे सिद्ध करण्यास पावतीइतका सोयीचा पुरावा नाही. जो विक्रेता दुकानाचे नाव, तारीख आणि गाडीचे मॉडेल लिहून देण्यास तयार नसेल, त्याचा भाव कितीही आकर्षक असो, पुढच्या दुकानाकडे वळावे.

टाकी हाती आल्यावर बहुतेकांना घाई असते ती रंगाची. तिला आवर घालावा. आधी सर्व तोंडे बंद करून टाकीत हातपंपाने अगदी हलका दाब द्यावा (कॉम्प्रेसरचा जोरदार दाब पत्रा फुगवितो) आणि शिवणीवर साबणाचे पाणी फिरवून बुडबुडे येतात का, ते पाहावे. मग ती गाडीवर चढवून, पेट्रोल भरून, मोकळ्या जागी एक रात्र ठेवावी. सकाळी जमीन कोरडी असली, तरच टाकी उतरवून रिकामी करावी, धुवावी आणि रंगाऱ्याकडे न्यावी. त्याच्याकडून पेट्रोलला टिकणारा, हार्डनर घालून करावयाचा वरचा थर बोलीतच ठरवून घ्यावा. भरताना झाकणाभोवती सांडणाऱ्या पेट्रोलाने साधा रंग काही महिन्यांतच फुगून सुटू लागतो. आणि ही गोष्ट रंगारी आपण होऊन क्वचितच सांगतो.