बांधकाम-परवाना कोणाच्या सुरक्षिततेसाठी?

पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेशात घर बांधण्याच्या परवानगीचा विषय निघाला, की महाराष्ट्रातील चर्चा किनारपट्टीपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. त्याला कारणही आहे. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन नियमनाखाली आणली. पुढे २०११ आणि २०१९ मध्ये ही अधिसूचना नव्याने काढण्यात आली. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. या सवलतीचा लाभ कोळीवाड्याला किती आणि हॉटेलमालकाला किती, हा प्रश्न कोकणात विचारला जातो आणि तो विचारला गेलाच पाहिजे. मराठवाड्यात मात्र समुद्र नाही, म्हणून इथे नाजूक जमीनही नाही, असा एक सोयीस्कर समज राज्यकर्त्यांनी करून घेतला आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा गेल्या तीन दशकांचा अनुभव हा समज खोटा ठरवतो. नांदेडला नदी आहे, लातूरला भूकंपाचा इतिहास आहे आणि पाण्याचा तुटवडा दोन्हीकडे आहे. या तिन्ही बाबतींत घराचा नकाशा मंजूर करणारा कागद हा जीवन-मरणाचा कागद ठरतो.

नांदेडपासून आरंभ करू. राज्याच्या पाटबंधारे खात्याने १९८९ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार नदीकाठी दोन रेषा आखल्या जातात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची दाखवते ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध होय. निळ्या आणि लाल रेषेमधील पट्टा नियंत्रित होय. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने ही विभागणी कायम ठेवली. नियंत्रित पट्ट्यात बांधायचे असेल, तर जोते लाल रेषेच्या पातळीहून किमान ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट, उंच असले पाहिजे, अशी तिची अट आहे.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ या शब्दांनी सामान्य माणसाची फसगत होते. आज पूर आला, म्हणजे पुढची चोवीस वर्षे निर्धास्त राहावे, असा त्याचा अर्थ तो घेतो. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच, की दरवर्षी असा पूर येण्याची शक्यता शेकडा चार असते. एखादे घर तीस वर्षे उभे राहणार असेल, तर त्या तीस वर्षांत निळ्या रेषेपर्यंतचा पूर निदान एकदा तरी दारात येण्याची शक्यता शेकडा सत्तर होते. लाल रेषेच्या पुराची शक्यतासुद्धा त्याच काळात शेकडा सव्वीस आहे. घरासाठी वीस-तीस वर्षांचे कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला हा हिशेब कोणीही समजावून सांगत नाही. बिल्डर सांगत नाही, बँक सांगत नाही आणि नगररचना खातेही सांगत नाही.

शिवाय नांदेडचा पूर केवळ निसर्गाचा नाही. वरच्या अंगाला विष्णुपुरीचे दरवाजे आहेत आणि खालच्या अंगाला तेलंगणातील श्रीरामसागराचा फुगवटा. वरून विसर्ग वाढला, की नावघाट, खडकपुरा यांसारख्या नदीकाठच्या वस्त्यांना सावधानतेचा इशारा दिला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी धरणाच्या परिसरातील गावांत रातोरात पाणी शिरले, माणसे दगावली, जनावरे वाहून गेली. तिथे तर पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळलेला होता. पुराची पातळी माणसाच्या निर्णयांनी ठरत असेल, तर पूररेषा हा केवळ अभियंत्याचा विषय राहत नाही. पाणी कोणाच्या दारात जाऊ द्यायचे, हा राजकीय निर्णय आहे आणि त्याची जबाबदारी राजकीयच आहे.

आता या रेषांच्या आत कोण राहते, ते पाहावे. नदीकाठची सखल जमीन स्वस्त असते, कारण ती धोक्याची असते. ती स्वस्त असते म्हणूनच हमाल, बांधकाम मजूर, रिक्षाचालक, गावात काम न उरल्याने शहरात आलेला शेतमजूर यांना ती परवडते. बाजार इथे धोक्याचे वाटप करतो आणि ते क्रयशक्तीनुसार करतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो उंचावर राहतो किंवा भराव घालून आपले जोते उंच करतो. नियमावलीची अट त्याने पाळलेली असते. परंतु त्याच्या भरावाने हटलेले पाणी शेजारच्या सखल घरात शिरते. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे याहून ठळक उदाहरण शोधून सापडणार नाही. एकाची परवानगी ही दुसऱ्याची आपत्ती ठरते आणि परवाना देणारे कार्यालय प्रत्येक भूखंडाचा विचार सुटा सुटा करत असल्याने त्याच्या कागदांवर या आपत्तीची नोंद कुठेच होत नाही.

लातूरची कहाणी वेगळी आहे, पण तिचे तात्पर्य तेच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसे मारली. वस्तुतः माणसांना मारले ते घरांनी. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती आणि उन्हापासून संरक्षण म्हणून माळवदावर वर्षानुवर्षे चढवलेले मातीचे थर, हे सारे झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले. हा प्रदेश तोवर सरकारी नकाशात भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या विभागात घेण्यात आला. म्हणजे धोक्याची सरकारी नोंद व्हायला आधी गावे गाडली जावी लागली.

इथे एक प्रश्न विचारला पाहिजे. या घरांना परवानगी होती का? १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार गावातील बांधकामाला पंचायतीची परवानगी लागते. कायदा होता, अधिकारही होता. परंतु घर कोसळेल की टिकेल, हे सांगू शकणारा अभियंता मात्र पंचायतीच्या दिमतीला नव्हता. ज्ञान आणि निधी यांच्यावाचून दिलेला अधिकार हा शिक्क्यापुरता अधिकार असतो.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधारे पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवण्यात आला. बावन्न गावे संपूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. या गावांतील घरांचे आकारमान जमीनधारणेनुसार ठरले. भूमिहीन आणि अत्यल्प जमीनधारकास २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यास ४०० आणि मोठ्या जमीनदारास ७५०. भूकंपाने क्षणभर पुसून टाकलेली विषमता सरकारने सिमेंटमध्ये पुन्हा उभारली! कुटुंबातील माणसे मोजण्याऐवजी एकर मोजले गेले. पुढे कुटुंबे वाढली तेव्हा ज्यांना २५० फूट मिळाले होते त्यांनीच आपल्या हाताने, मिळेल त्या दगड-विटांनी, कोणत्याही तांत्रिक सल्ल्यावाचून खोल्या वाढवल्या. सुरक्षित घराला बिलगून पुन्हा असुरक्षित घर उभे राहिले.

त्याच कार्यक्रमाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. जी गावे हलवायची नव्हती, तेथील घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी घरमालकाच्या हाती हप्त्याहप्त्याने पैसा देण्यात आला. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांनी ‘संवाद सहाय्यक’ म्हणून हे काम हाती घेतले. घराच्या कोपऱ्यांना बांध कसा द्यावा, लिंटेलच्या पातळीवर पट्टी का हवी, छतावरील मातीचे ओझे का कमी करावे, हे त्या आधी स्वतः शिकल्या आणि मग इतरांना समजावू लागल्या. बांधकामाचे शास्त्र सामान्य माणसाला कळत नाही, ही अधिकारीवर्गाची सबब या स्त्रियांनी निकालात काढली. नियम लोकांना समजला, त्यासाठी पैसा आणि सल्ला मिळाला, तर लोक तो पाळतात. किल्लारीचा खरा धडा हा आहे.

या पार्श्वभूमीवर आजची परवाना-पद्धत तपासली, तर काय दिसते? १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ नुसार साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमांशी सुसंगत बांधकामाला परवानगी मिळाली असे मानले जाते. १५० चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या भूखंडांसाठी २०२० च्या नियमावलीने प्रक्रिया आणखी सोपी केली. कागदावर हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु या सवलती मिळवण्यासाठी आधी भूखंड कायदेशीर असावा लागतो. मोजणीचा नकाशा, मंजूर रेखांकन, नदी जवळ असल्यास पाटबंधारे खात्याचे ना-हरकत पत्र, वास्तुविशारदाची सही आणि विकास शुल्क ही सारी तयारी लागते. ज्या मजुराने स्टँपपेपरवर गुंठा-दीड गुंठा घेतला, त्याच्यासाठी सोप्या केलेल्या प्रक्रियेचे दारसुद्धा बंदच असते. तो परवानगी मागत नाही, कारण मागितली तरी ती मिळणार नाही हे त्याला ठाऊक असते. मग काही वर्षांनी गुंठेवारीचा कायदा येतो. २००१ च्या मूळ कायद्याने १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामे नियमित करण्याची सोय केली. २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली. नियमितीकरण आवश्यकच आहे, कारण त्यावाचून वस्तीला नळ आणि गटार मिळत नाही. परंतु त्यात नियमित होतो तो कागद. पाया, भिंत आणि छत होते तसेच राहतात. राज्यसंस्था आधी डोळे मिटते, नंतर शुल्क घेते आणि सुरक्षिततेचा मूळ प्रश्न दोन्ही वेळा टाळते.

पाण्याच्या बाबतीतही हेच घडले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. शहराचा आधार असलेले मांजरा धरण कोरडे पडले होते आणि विंधनविहिरी खोल खोल जाऊन आटल्या होत्या. पावसाचे पाणी जिरवण्याची अट मोठ्या इमारतींच्या परवान्यात लिहिलेली असते. परंतु आणखी इमारतींना पुरेल एवढे पाणी शहरापाशी आहे काय, हा प्रश्न परवाना देताना विचारला जात नाही. टँकर विकत घेणारी सोसायटी तग धरते आणि झोपडपट्टी रांगेत उभी राहते.

यावर दोन दिशांनी आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा, की परवाने म्हणजे भ्रष्टाचाराचे कुरण असून ते मोडीत काढावेत, बाजार आपोआप मार्ग काढील. बाजाराने काढलेला मार्ग वर पाहिलाच आहे. तो गरिबाला निळ्या रेषेच्या आत नेतो. घराची मजबुती खरेदीदाराला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून सार्वजनिक तपासणीला पर्याय नाही. दुसरा आक्षेप असा, की पर्यावरणाचे नियम हे मध्यमवर्गीयांचे चोचले असून ते गरिबाच्या छपरावर घाला घालतात. या आक्षेपात तथ्य आहे, कारण पूररेषेच्या नावाने बुलडोझर फिरतो तो बहुधा झोपडीवर. मंगल कार्यालयाच्या भिंतीपाशी तो थबकतो. परंतु यावरचा उपाय पूररेषा पुसणे हा नाही. तिच्या आत राहणे गरिबाला भाग पडणार नाही, अशी पर्यायी जमीन त्याच शहरात, त्याच्या कामाच्या टापूत देणे हा आहे. धोक्याच्या जागेतून उठवण्याचा अधिकार सरकारला तेव्हाच पोहोचतो, जेव्हा सुरक्षित जागा देण्याचे कर्तव्य त्याने आधी पार पाडलेले असते.

तेव्हा समाजवादी कार्यकर्त्यांनी हा प्रश्न वकील आणि वास्तुविशारद यांच्यावर न सोडता आपल्या कार्यक्रमात घेतला पाहिजे. मागण्या स्पष्ट असाव्यात. नदीकाठच्या प्रत्येक गावाच्या आणि प्रभागाच्या पूररेषा सरकारने स्वखर्चाने आखाव्यात आणि त्या कार्यालयातील नकाशात न ठेवता वस्तीतील खांबांवर रंगवाव्यात. नियंत्रित पट्ट्यात भरावाला परवानगी देताना शेजारच्या वस्तीवर होणारा परिणाम तपासणे सक्तीचे असावे. छोट्या घरांसाठी भूकंपरोधक नमुना नकाशे पंचायत आणि नगरपालिका यांनी विनामूल्य द्यावेत आणि काही गावांमिळून एक अभियंता नेमावा. गुंठेवारीतून जमा होणाऱ्या शुल्काचा निश्चित भाग त्याच वस्तीतील घरांच्या मजबुतीवर खर्च व्हावा. दिलेल्या आणि नाकारलेल्या परवानग्यांची यादी कारणांसह ग्रामसभेत आणि प्रभागात वाचून दाखवावी. यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. प्रत्येक मागणी आजच्या कायद्याच्या चौकटीत किंवा तिच्यात अल्प बदल करून अमलात आणता येण्याजोगी आहे. त्या अमलात येत नाहीत, कारण परवाना ही विकण्याची वस्तू राहण्यात ज्यांचा लाभ आहे ते संघटित आहेत आणि ज्यांना तो हक्क म्हणून हवा आहे ते विखुरलेले आहेत.

हे विखुरलेपण घालवणे हेच चळवळीचे काम होय. नांदेडच्या नदीकाठचा हमाल, किल्लारीच्या २५० फुटांत वाढलेले कुटुंब आणि कोकणातील आपल्या वडिलोपार्जित घराची दुरुस्ती करण्यासाठी हेलपाटे घालणारा मच्छीमार यांची मागणी एकच आहे. त्यांना नियमातून सूट नको आहे. नियमाने ज्या सुरक्षिततेचे आश्वासन दिले, ती सुरक्षितता त्यांना हवी आहे. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी निदान एका प्रभागात, एका गावात पूररेषेचे खांब उभे राहतील एवढा आग्रह तरी कार्यकर्त्यांनी धरावा. मोठ्या लढ्याची सुरुवात एवढ्या लहान आणि मोजता येण्याजोग्या कामापासून होऊ शकते.