बडग्याला अंग कागदाचंच हवं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मी सकाळीच नागपूरच्या इतवारीत जाऊन उभा राहतो. ईडापीडा गावाबाहेर नेणाऱ्या मारबतींच्या, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुका निघतात. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. दोघींची नेहरू पुतळ्याजवळ भेट होते, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. माझे डोळे मात्र बडग्यांकडे लागलेले असतात. महागाई, भ्रष्टाचार, ज्या गोष्टीचा राग तिचा मिरवणुकीतला पुतळा म्हणजे बडग्या. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, म्हणून आधी दिसतं ते कागदाचं काम.

बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर खळ लावून रद्दीचे थर. खरी कसोटी चेहऱ्याची. कागद मातीसारखा दाबून घडत नाही. तो कापून उठवावा लागतो. पुठ्ठ्याचा गोल घ्या, कडेपासून मध्यापर्यंत एक छेद द्या, एक कड दुसरीखाली सरकवा. सपाट पुठ्ठा फुगतो, गाल तयार. आणखी सरकवा, नाक होतं. कागदाची पट्टी कात्रीच्या पात्यावरून ओढली की वळते, ती मिशी.

एकदा वर्गातल्या एका मुलानं रस्त्यातल्या खड्ड्याचा बडग्या केला. पोटाच्या जागी नुसती पट्ट्यांची पोकळ टोपली. मी विचारलं, पोट भरलं का नाहीस? म्हणाला, ‘‘सर, खड्डा आहे ना, आत काय राहणार?’’

आता काही बडग्यांना फ्लेक्सवर छापलेला चेहरा आणि थर्माकोलचे हातपाय दिसतात. असा बडग्या समोरून पाहिला की संपला. त्याहून वाईट म्हणजे शेवटी तो जाळायचा असतो. कागद-बांबूची राख होते. थर्माकोल आणि फ्लेक्स वितळत जळतात, काळा धूर सोडतात, आणि तो धूर पोरांच्याच नाकातोंडात जातो. ईडापीडा गावाबाहेर घालवायला निघायचं आणि नवी पीडा छातीत भरून घरी यायचं, हे मला पटत नाही. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 सालीच बंदी आली आहे.

मंडळांनी यंदा एवढं ठरवावं: बांबू, कागद, खळ, बाकी काही नाही. शाळांनी श्रावणातले चित्रकलेचे चार तास बडग्याला द्यावेत. वस्तीतल्या जुन्या कारागिराला मानानं वर्गात बोलवावं, मानधन द्यावं, आणि मुलांच्या हातात कात्री द्यावी. राग कशाचा, ते मुलं स्वतःच ठरवतील.