अरेस्टर बेड आणि त्याखालचा भराव

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियामधला यीगर विमानतळ डोंगरमाथे छाटून उभा केला आहे. १९ जानेवारी २०१० रोजी तिथून निघालेल्या एका सीआरजे-२०० विमानाचे फ्लॅप चुकीच्या स्थितीत होते. ते कॅप्टनच्या लक्षात आले तेव्हा व्ही-वन, म्हणजे उड्डाण सुरक्षितपणे रद्द करता येण्याचा कमाल वेग, ओलांडला होता, तरी त्याने उड्डाण रद्द केले. धावपट्टी संपली. पुढे ईमासचा, म्हणजे अरेस्टर बेडचा, पट्टा होता आणि त्याच्यापलीकडे दरी. पट्ट्यातले हलके, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे चाकांखाली चिरडत गेले आणि सुमारे ४० मीटरवर विमान थांबले. आतले ३४ जण सुखरूप उतरले.

१२ मार्च २०१५ रोजी त्याच टोकाचा भराव पट्ट्यासकट दरीत कोसळला. धावपट्टीपलीकडे सुरक्षा क्षेत्राला जागाच नसल्याने जिओग्रिडचे थर घालून सुमारे ७३ मीटर उंचीचा हा मातीचा उतार रचला होता. खालचे चर्च आणि एक रिकामे घर गाडले गेले, ओढा अडला. जीवितहानी झाली नाही, कारण भेगा आधी दिसल्या होत्या आणि लोकांना हलवले होते. त्या टोकाला नवा ईमास बसायला २०१९ साल उजाडले. या वेळी तसा अवाढव्य उतार पुन्हा उभारला नाही, आधारभिंत बांधली.

अरेस्टर बेड हलवण्याचे किंवा नवा बसवण्याचे काम ज्यांच्या टेबलावर येते, त्या वाचकांनी हे प्रकरण मुळापासून अभ्यासावे असे आम्हाला वाटते. तिथे ठोकळ्यांनी आपले काम चोख केले, दगा दिला तो जमिनीने. बेडचा पुरवठादार ठोकळ्यांची हमी देईल. त्याखालचा भराव, त्यातले पाणी आणि उताराची हालचाल ही जबाबदारी मात्र विमानतळाच्या स्थापत्य विभागाचीच राहते.

दुसरी बाब वेगाची. ईमासची रचना साधारणपणे ७० नॉटने धावपट्टी सोडणाऱ्या विमानासाठी करतात. हा आकडा डोळे झाकून उचलू नये. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान ८४.५ नॉटने धावपट्टीबाहेर गेले, २४० मीटरचा रेसा (धावपट्टीच्या टोकाचे सुरक्षा क्षेत्र) ओलांडूनही ४१ नॉटने टेबलटॉपवरून खाली कोसळले आणि २१ जणांचा जीव गेला. म्हणजे शिफारशीइतका रेसा होता, तरी तो पुरला नाही. ओल्या धावपट्टीवर, पाठवाऱ्यात तुमच्याकडे विमाने कोणत्या वेगाने बाहेर जाऊ शकतात, हे तुमच्या विमानतळाच्या नोंदींवरून ठरवा आणि मगच बेडची लांबी काढा.

मंगळूरला २२ मे २०१० रोजी विमान अपघातात १५८ जण गेले. त्या अपघाताची चौकशी एअर मार्शल (निवृत्त) भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने (कोर्ट ऑफ इन्क्वायरी) केली आणि टेबलटॉप धावपट्ट्यांसाठी अरेस्टर व्यवस्थेची शिफारस त्याच वर्षी केली. कोळिकोडच्या त्या टोकाला दहा वर्षांनंतरही अशी व्यवस्था नव्हती. याचे आम्हाला तीव्र दुःख आहे, आणि खर्चाचे कारण आम्हाला पटत नाही.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अरेस्टर बसवला तर रेसाची लांबी काही अटींवर कमी करता येते. इथे मोह मोठा आहे. वाचलेली जागा धावपट्टी वाढवायला वापरली, की जड विमाने येऊ लागतात आणि ज्या विमानासाठी बेड आखला ते विमानच बदलते. यीगरला ७३ मीटरचा उतार रचावा लागला तोही जागेच्या टंचाईपायीच.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर प्रश्न आणखी अवघड होतो. मंगळूर असो, कोळिकोड असो की चिपीचा सडा, खाली जांभा आहे आणि चार महिने पाऊस कोसळतो. बेडच्या सांध्यांमधून झिरपलेले पाणी भरावात मुरू लागले, की वरून काही दिसत नाही. म्हणून बेडची निविदा आणि भरावाची निविदा वेगळी काढू नका. इन्क्लिनोमीटर व पिझोमीटर, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर सांध्यांची तपासणी, राखीव ठोकळ्यांचा साठा, बेड बंद असेल त्या काळात जाहीर करायची धावपट्टीची कमी लांबी, हे सारे एकाच करारात असू द्या. जिथे भेग दिसेल तिथे त्याच दिवशी लेखी नोंद करा आणि ती नोंद विमानतळ संचालकाच्या टेबलापर्यंत पोहोचवा.