बीडहून मंत्रालयात जायचंय? मुंबईच्या भुयारी मेट्रोत उतरण्याआधी हे वाचा

मुंबईच्या भुयारी मेट्रोत 'मंत्रालय' नावाचं स्टेशनच नाही. बीडहून कागदांची पिशवी घेऊन पहिल्यांदा आलेला माणूस नकाशासमोर इथेच गोंधळतो. उतरायचं असतं 'विधान भवन'ला. मंत्रालय तिथून चालत जाण्याएवढं जवळ आहे.

ही मेट्रो ३, म्हणजे अ‍ॅक्वा लाइन. आरे ते कफ परेड, ३३.५ किमी, २७ स्टेशनं, त्यातलं फक्त आरे जमिनीवर. शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. त्याच्या तीनच आठवडे आधी, १७ सप्टेंबरला, बीड शहरातून पहिली रेल्वे अहिल्यानगरला निघाली. तो मार्ग मंजूर झाला होता १९९५ मध्ये! असो.

एसटी मुंबई सेंट्रलला सोडत असेल तर काम सोपं. तिथल्या मेट्रो स्टेशनचं नाव 'जगन्नाथ शंकर शेठ' आहे. कफ परेडकडे जाणारी गाडी पकडा, सातवं स्टेशन विधान भवन. ट्रॅव्हल्सने दादर पूर्वेला उतरवलं तर मात्र जपून. मेट्रोचं दादर स्टेशन पश्चिमेला, रेल्वे स्टेशनपासून बऱ्यापैकी लांब आहे. सामान असेल तर टॅक्सी करा किंवा सरळ लोकल पकडा. मेट्रोचा अट्टाहास नको.

खरी अडचण आहे मोबाइलची. शेवटचा टप्पा सुरू झाला तेव्हा जमिनीखाली नेटवर्कच नव्हतं. भुयारात सिग्नलसाठी वेगळी यंत्रणा लागते. ती कोणी बसवायची आणि त्याचे पैसे किती, यावर मोबाइल कंपन्या आणि मेट्रो कॉर्पोरेशन यांच्यात वाद झाला. मेट्रोने तिकीट काढता यावं म्हणून स्टेशनांवर मोफत वायफाय दिलं. पण ज्याच्या फोनमध्ये अ‍ॅप नाही, यूपीआय नाही, त्याला वायफाय देऊन काय उपयोग? ३७ हजार कोटींच्या प्रकल्पात ही गोष्ट आधी सुचायला हवी होती.

त्यामुळे खाली उतरण्याआधीच फोनवर तिकीट काढून स्क्रीनशॉट ठेवा, नाहीतर सरळ खिडकीवर रोख देऊन कागदी तिकीट घ्या. भाडं अंतरानुसार १० ते ७० रुपये. कागद फेकू नका, बाहेर पडताना त्यावरचा क्यूआर पुन्हा दाखवावा लागतो. लोकलचं तिकीट इथे चालत नाही. सोबत म्हातारी माणसं असतील तर चुकामूक झाल्यास कुठे भेटायचं ते वरच ठरवा, खाली फोन लागेलच असं नाही.

आणि वेळ. पूर्ण मार्ग सुरू करताना पहिली गाडी सकाळी ५.५५ ला आणि शेवटची रात्री १०.३० ला जाहीर झाली होती. तुमची बस पहाटे चारला पोहोचत असेल तर दोन तास आगारातच काढायचे आहेत, चहाचे सुटे पैसे जवळ ठेवा.